बॅकअप किती देतंय?

कोल्हापुरात ‘बॅकअप’ हा शब्द बॅटरीच्या पाठीवर बसून आला. संगणकासोबत यूपीएस नावाचं एक जड खोकं घ्यावं लागायचं. लाइट गेली की ते खोकं संगणकाला काही मिनिटं जिवंत ठेवायचं. त्या मिनिटांना आम्ही धंदेवाले बॅकअप म्हणायचो. गिऱ्हाईक संगणकाची बाकी कसलीही चौकशी करायचं नाही. थेट विचारायचं, “बॅकअप किती देतंय?” म्हैस दूध किती देते हे विचारताना जो सूर लागतो, तोच सूर. आम्ही म्हणायचो, “वीस मिनिटं.” गिऱ्हाईक म्हणायचं, “आणि खरं किती?”

दोन हजार सालानंतर घरोघरी संगणक आले, भारनियमन आलं आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ रंगीत खोक्यात घालून विकायला आला. हा बॅकअप म्हणजे सॉफ्टवेअर. तुमच्या फायलींची आपोआप नक्कल काढून दुसरीकडे ठेवणारं. राजारामपुरीतल्या एका कापडवाल्यांनी ही ‘ऑटोमॅटिक बॅकअप’ची सीडी आणली, जुना यूपीएस मेव्हण्याला देऊन टाकला आणि पहिल्याच भारनियमनाला तावातावाने माझ्या दुकानात आले.

“ऑटोमॅटिक म्हणतंय आणि लाइट गेली की बंद पडतंय! फसवणूक हाय ही सरळ.”

“शेठ, ही सीडी लाइटीसाठी नाही.”

“मग खोक्यावर बॅकअप कशाला छापलंय?”

त्यांचं काय चुकलं? शब्द विकणाऱ्यांना अर्थ सांगायची गरज वाटली नव्हती. खोक्यावर एक हसरं कुटुंब होतं आणि खाली छापलं होतं, निर्धास्त राहा. या देशात ज्याला काही खपवायचं असतं तो आधी तुम्हाला निर्धास्त राहायला सांगतो.

दहा-अकरा वर्षं मी हे काम करतोय. लक्ष्मीपुरीत जिन्याखाली दुकान, म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि पोट उघडून पडलेले सात-आठ संगणक. आमच्या धंद्यात सगळ्या रोगांवर एकच औषध चालतं : “फॉरमॅट मारावा लागंल.” डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे जावं आणि त्याने जन्मापासूनच्या आठवणी पुसून घरी पाठवावं, असा हा इलाज. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन विचारतं, “डाटा राहील न्हवं?” आणि धंदेवाला स्क्रू फिरवत म्हणतो, “बघू की.” या ‘बघू की’ने किती घरांतली लग्नं, बारशी आणि अर्धवट प्रबंध खाल्ले असतील! मी तसलं करणार नाही, अशी माझी प्रतिज्ञा होती. ती मी गिऱ्हाइकांना बोलूनही दाखवायचो. एका वकिलांनी खंडेनवमीला “आमचं शस्त्र आहे हे” म्हणून फ्लॉपीच्या फटीत हळदकुंकू घातलं होतं. ते ब्रशने काढताना मी त्यांना अर्धा तास विवेकवाद शिकवला. दुसऱ्या वर्षी त्यांनी दुसरा मेकॅनिक धरला.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील फौंड्रीत होते, संघटनेची पत्रकं वाटायचे. हजार प्रती छापायच्या, हजार घरांत द्यायच्या. नऊशे नव्वद फाडल्या गेल्या तरी दहा राहतात. बॅकअपची याहून सरळ व्याख्या मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडली नाही. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक’ या शब्दावर माझा आधीपासून राग. आपलं जपायचं ते आपण जपावं, यंत्रावर सोडू नये, हे माझं तत्त्व. तत्त्व चांगलं होतं. माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

कसबा बावड्यातून कांबळे सिस्टरांचा फोन आला. त्या निवृत्त नर्स. शाहूवाडी आणि गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरून त्यांनी तीसेक वर्षं बाळंतपणं केली होती. निवृत्त झाल्या तरी त्यांना सगळे सिस्टरच म्हणत.

“अरे, संगणक धापा टाकतोय,” त्या म्हणाल्या. “अंगाला हात लावला तर ताप. येऊन बघ.”

गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर संगणक, आणि समोर सिस्टर चष्मा कपाळावर चढवून एका लांब वहीत काहीतरी लिहीत बसलेल्या. मी म्हटलं, “सिस्टर, संगणक असताना हाताने काय लिहिताय?”

“मग काय करू? बारा वाजता लाइट येती. मी हे चालू करती. दीड वाजेपर्यंत ह्यो नुसता गुरगुरतोय. एक अक्षर दाबलं की मी चहा ठेवायचा, चहा झाला की ते अक्षर उमटतं. तीनला लाइट परत जाती. मग ह्यो गुरगुरतोय तोवर मी लिहीत बसती.”

“काय लिहिताय?”

त्यांनी टेबलाखालची ट्रंक पायाने पुढे सारली. आत जुन्या वह्या होत्या. गगनबावड्याच्या पावसात भिजून फुगलेल्या, काळ्या बुरशीच्या. प्रत्येक बाळंतपणाची नोंद : गाव, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, अडचण काय आली. आणि बाईचं नाव. तिचं स्वतःचं.

“सरकारी रजिस्टरात काय असायचं म्हाईत हाय? अमक्याची बायको. तमक्याची सून. मी विचारायची, बाई, तुझं नाव काय? तर लाजायची. कळा देणारी लाजायची नाव सांगायला! एकजण म्हणली, नाव म्हायेरी राहिलं. मी म्हटलं, आण की मग परत.” सिस्टर हसल्या. “चांगल्या चांगल्या घरांत बोलवायचे मला. पोटाला माझा हात लागलेला चालायचा. चहा मात्र वेगळ्या कपात. त्या घरांतल्या बायकांची नावंसुद्धा हायत ह्यात. मी कुणाला गाळलं न्हाई.”

या नावांचं त्यांना पुस्तक करायचं होतं. एवढंच. गोष्ट नाही, आत्मचरित्र नाही. गाव आणि नाव, गाव आणि नाव. मला ती कल्पना फार आवडली. मी म्हटलं, हे काम अडता कामा नये.

वह्यांवरचं अक्षर बुरशीने पुसट झालेलं. त्यामुळे त्या आधी भिंगातून वाचून लांब वहीत कच्चं उतरवून घ्यायच्या आणि संगणक ताळ्यावर आला की त्यावरून एका बोटाने टाइप करायच्या. आणि टाइप झालेली जुनी वही? ती बंबात. आंघोळीच्या पाण्याखाली.

“जाळता?”

“मग! बुरशी हाय ती. घरात नातवंडं येतात. आयुष्यभर लोकांना स्वच्छता शिकवली, आता घरात घाण साठवू? आणि ह्यात ऑटोमॅटिक बॅकअप हाय. सिद्धार्थनं बसवलाय. काही हरवत न्हाई म्हणाला.”

सिद्धार्थ त्यांचा मुलगा, पुण्यात कंपनीत. मी संगणकाचं पोट उघडलं नाही, नुसता माउस फिरवला आणि रोग दिसला. आता तो जरा समजून घ्या, कारण तुमच्याही घरात असेल.

हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी आणि तिच्यावर हलणारा एक हात. एकच. तुम्ही लिहिता तेही तो हात करतो आणि बॅकअपची नक्कलही तोच काढतो. सिद्धार्थने हुकूम दिला होता की रोज सकाळी दहाला सगळ्याची नक्कल काढ. दहाला कसबा बावड्यात लाइट नाही. मग ते सॉफ्टवेअर राहिलेलं काम उरकायला, संगणक चालू होताच, सिस्टरांच्या आधी हात धरून बसायचं. आणि ‘सगळं’ म्हणजे काय? सिद्धार्थची गाणी, कॉलेजच्या सहलीचे फोटो, दोन-चार सिनेमे. त्या सगळ्यांची, काल काढलेली असली तरी, आज पुन्हा पहिल्यापासून नक्कल. एका उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जावं आणि त्याने तुम्हाला थांबवून रोज सगळं दप्तर नकलून काढावं, तसं. सिस्टरांची नावं? ती सगळी मिळून एका फ्लॉपीत मावली असती.

आणि ही नक्कल ठेवली कुठे जात होती? त्याच तबकडीवर. संगणकात ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन कप्पे दिसतात, पण डिस्क एकच असते. ट्रंकेच्या वरच्या खणातलं खालच्या खणात ठेवायचं आणि म्हणायचं, ट्रंक चोरीला गेली तरी चिंता नाही!

मी तिथूनच सिद्धार्थला फोन लावला.

“दादा, त्याला हात लावू नका,” तो म्हणाला. “ऑटोमॅटिक आहे ते.”

“ऑटोमॅटिक आहे म्हणूनच लावतोय. तुमच्या सिनेम्यांसाठी आईचे रोज दीड तास जातायत.”

“पण आईची फाइल सेफ आहे ना?”

“एकाच डिस्कवर दोन प्रती म्हणजे सेफ? तुम्ही आयटीत आहात ना?”

“मी टेस्टिंगला आहे,” तो जरा दबून म्हणाला.

मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. मुळासकट. सिस्टरांनी एक अक्षर दाबलं, ते लगेच उमटलं. त्यांनी आणखी दहा दाबली. लहान मुलीसारख्या हसल्या. “हात गुणाचा हाय रे तुझा!”

मग मी त्यांच्या लांब वहीकडे बोट दाखवून म्हटलं, “आता ही दुहेरी हमाली बंद करा. भिंग लावा आणि बुरशीच्या वहीवरून थेट टाइप करा. बॅकअपचं मी बघतो. दर महिन्याला येऊन सीडीवर काढून देतो. माणसाने केलेला बॅकअप. ऑटोमॅटिक नाही.” हे वाक्य मी सभेत बोलल्यासारखं बोललो होतो. मला ते अजून पाठ आहे, हीच माझी शिक्षा.

शब्द दिला तसा गेलो. लाइट जायला पाच मिनिटं होती. पडद्यावर ‘नावं’ असं चित्र होतं, सिस्टर रोज त्यावरच टिचकी मारून फाइल उघडायच्या. ते चित्र उचलून मी सीडीवर टाकलं. सीडी बाहेर काढून परत घातली, उघडून बघितली. नावं दिसली. मार्करने वर तारीख घातली आणि सिस्टरांच्या हातात दिली. पुढच्या महिन्यातही तसंच. दोन्ही वेळा तपासून बघितलं, हे मुद्दाम सांगतो. हलगर्जी मी केली नव्हती.

तिसऱ्या महिन्यात सिस्टरांचा फोन आला. “लाइट गेली आणि आली. आता आतून टक् टक् वाजतंय. ठोके चुकतायत बघ.”

डिस्क मेली होती. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली. खोकं नुसतं शोभेला. मी मात्र निर्धास्त होतो. नवी डिस्क बसवली, संगणकाची सॉफ्टवेअर परत टाकली. सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या. मी ऐटीत सीडी घातली, ‘नावं’वर टिचकी मारली.

फाइल सापडत नाही.

दुसरी सीडी घातली. फाइल सापडत नाही.

आकार बघितला. एक केबी, म्हणजे जेमतेम अर्धं पान. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण होता, तेव्हा तो मला दिसला. आईला शोधाशोध नको म्हणून सिद्धार्थने पडद्यावर ठेवलेला तो शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मी ती चिठ्ठी दोनदा सीडीवर जपून ठेवली होती. तपासताना घर जागेवर होतं, म्हणून पत्ता बरोबर निघाला आणि दार उघडलं. आता घरच नव्हतं. ही चूक गिऱ्हाइकं करतात. मी त्यांना त्यावरून किती हसलो होतो!

आणि मग मी, पत्रकांवर वाढलेला, विवेकवादी, ‘बघू की’ न म्हणणारा माणूस, म्हणालो, “सिस्टर, सीडीचा माल खराब निघाला वाटतं.”

सिस्टरांनी टेबलावरची सीडी उचलून उजेडाला धरली. मग शांतपणे म्हणाल्या, “आम्हीपण सुरवातीला असंच म्हणायचो. औषधाचा स्टॉक खराब होता, बाई.”

मला वर बघवेना. सांगितलं सगळं. बाण, चिठ्ठी, एक केबी.

“म्हणजे दोन्ही सीड्यांत काय न्हाई?”

“नाही.”

“आणि वह्या मी जाळल्या.”

“हो.”

त्या उठून आत गेल्या. भांडं पडल्याचा आवाज आला. बंबाचं झाकण असावं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या हातात ती लांब वही घेऊन. त्यांनी पानं उलटली. शाहूवाडीची सगळी वर्षं त्यांच्या अक्षरात शाबूत होती. गाव आणि नाव, गाव आणि नाव. संगणक धापा टाकत होता त्या दीड-दीड तासांत उतरवलेली. मग एका पानावर लिहिणं थांबलं होतं. तो मी आलो तो दिवस.

म्हणजे हिशोब असा : ज्या सॉफ्टवेअरला मी शिव्या घालून हाकललं, त्याने स्वतः काही वाचवलं नसतं. पण त्याच्या रखडण्याने अर्धं पुस्तक वाचलं. माझ्या वेगाने उरलेलं अर्धं गेलं. गगनबावड्याची सगळी वर्षं.

सिद्धार्थ त्या रविवारी आला. भांडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “पण डी ड्राइव्हवर जुना बॅकअप असेल ना?” मी म्हटलं, “डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर होता.” तो खाली बसला. आम्ही दोन शिकलेले पुरुष त्या टेबलाशी बसलो होतो आणि एकाला दुसऱ्याला मूर्ख म्हणायची सोय राहिली नव्हती. मेलेली डिस्क मी मुंबईला तज्ज्ञांकडे पाठवली. तबकडीवर चरे पडलेत असं सांगून त्यांनी ती परत केली.

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी एक नवी वही आणली आणि माझ्यापुढे टाकली.

“गुडघे चालत न्हाईत, न्हाईतर मीच फिरले असते. मी सांगती, तू लिही. दर रविवारी. बघू, तुझा बॅकअप किती देतोय.”

तेव्हापासून त्यांनी माझं नाव ऑटोमॅटिक ठेवलं. “आला का ऑटोमॅटिक? चहा घे. लिही.”

त्या आठवून सांगायच्या, मी लिहायचो. जिथे त्या अडायच्या तिथे मी एसटीने जायचो. एका वाडीत एक म्हातारबाबा अंगणात बसले होते. मी विचारलं, त्या साली तुमच्या घरी सिस्टर आल्या होत्या, मुलगा झाला होता, तर बाईंचं नाव काय?

“पावणं, नाव कशापायी? रेशनचं काय हाय का?”

“नाही. पुस्तकात लिहायचंय.”

“लिवा की. माझी मालकीण.”

“नाव, बाबा. नाव.”

ते विचारात पडले. मग घराकडे तोंड करून ओरडले, “ए, तुझं नाव इचारत्यात!”

आतून आवाज आला, “मेलं की काय कोन?”

“न्हाई गं. नाव सांग.”

 मग दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली, पदर सारखा केला, आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, “चंद्राबाई. लिवलं? दाखवा बरं.” तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

अशी बरीच परत आली. सगळी नाही. काही घरं उठून कागलच्या एमआयडीसीकडे, काही पुण्याला गेली होती, काही बाया वारल्या होत्या. पुस्तक आता छापायला जायचंय. मागच्या रविवारी शेवटची राहिलेली नोंद घेऊन बसलो.

सिस्टर डोळे मिटून सांगत होत्या. “आषाढ. ओढ्याला पाणी. दोघांनी मला खांद्यावर घेऊन पलीकडं नेलं. कंदिलात रॉकेल न्हवतं. पायाळू मुलगी. रडंना. उलटी धरून थोपटली, मग रडली. वजन कमी. बाईच्या हातावर तुळस गोंदलेली. मला म्हणली, सिस्टर, तुमी भिजलाय, माझं लुगडं घ्या.”

मी लिहीत होतो. “नाव?”

त्यांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

“सिस्टर, नाव?”

“सांगितलं होतं तिनं. मी लिहून घेतलं होतं.” त्यांनी डोळे उघडले. “नवऱ्याचं आठवतंय. पांडुरंग.”

माझा पेन कागदावर टेकलेला होता. मी त्यांच्याकडे बघितलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “तसं लिहायचं न्हाई. जागा सोड.”

“किती सोडू?”

“नाव मावंल एवढी.”